थिबा राजाला परत पाठवावं का?

परवा वाण्याकडे तूरडाळ घ्यायला गेले होते. दुकान माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं. शाळेत असताना मागच्या बाकावर बसायचा, आता गल्ल्यावर बसतो आणि मला पाहिलं की अजून उभा राहतो. म्हणाला, "बाई, ही डाळ न्या. लेमन आहे, थोडी स्वस्त पडते."

"लेमन म्हणजे रे काय? तुरीचा आणि लिंबाचा काय संबंध?"

"बर्म्याची तूर, बाई. मुंबईच्या बाजारात तिला लेमनच म्हणतात."

आता बर्मा म्हटल्यावर रत्नागिरीच्या माणसाला दुसरं काय आठवणार! तोच पुढे म्हणाला, "बघा की बाई, आपण त्यांची डाळ आणून खातो आणि त्यांचा राजा मात्र इथे पुरून ठेवलाय. देऊन टाकायला नको का?" शेजारी एक गृहस्थ साबण घेत उभे होते, ते लगेच म्हणाले, "का म्हणून द्यायचा? शंभर वर्षं झाली की! आता तो आपलाच." झालं, दोघांची जुंपली. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. थिबा तुम्हीच शिकवलात ना आम्हाला?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि डाळ घेऊन घरी आले. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईनं प्रश्न उधार ठेवून यावं हे काही बरं नाही. म्हणून आज इथे लिहायला बसले आहे.

मंडळी, रत्नागिरीबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं मागचं सांगते. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. आमच्या पिढीच्या तोंडात ब्रह्मदेश हेच नाव बसलेलं आहे. १८७८ साली तो मंडालेच्या गादीवर बसला. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १ जानेवारी १८८६ पासून ते आपल्या साम्राज्यात जोडून टाकलं. राजाला, राणी सुपायालातला आणि लेकीबाळींना आधी मद्रासला नेलं, मग त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोटीनं रत्नागिरीला आणलं. राजा तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा. धाकटी राजकन्या तर १८८७ साली इथेच जन्मली. पुढची तीस वर्षं त्यांनी इथे काढली. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात तो राजवाडा त्यांना मिळाला १९१० साली, म्हणजे येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. त्यात सहा वर्षं राहून डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला.

हे सगळं कशामुळे झालं? आपण मुलांना एका ओळीत सांगतो, "साम्राज्यवाद". पण त्या ओळीच्या पोटात एक कंपनी आहे आणि गंमत म्हणजे तिच्या नावात मुंबई आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी वरच्या ब्रह्मदेशातल्या जंगलातून सागवान तोडून नेत असे. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि पैसे बुडवले, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबारानं तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रज सरकारला निमित्त हवंच होतं. फ्रेंच मंडालेत हातपाय पसरत होते त्याचीही भीती होती. निर्वाणीचा खलिता गेला आणि पाठोपाठ बोटी गेल्या. पंधरवड्यात राज्य संपलं. ती कंपनी मात्र संपली नाही, आजही आहे, आता वाडिया समूहात.

म्हणजे बघा, आपल्या आणि ब्रह्मदेशाच्या "संबंधां"ची सुरुवात आमच्या गावापुरती तरी लाकडाच्या हिशेबातून झाली.

आता मी माझा एक अपराध कबूल करते. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांना भाषणं लिहून द्यायचं काम माझ्याकडे असे. विषय ठरलेले. त्यातलं एक भाषण माझं फार आवडतं होतं. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि त्याच काळात मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी बंदिवासात होता. टिळकांचा तुरुंग तर मंडालेच्या किल्ल्यातच, थिबाच्या जुन्या राजवाड्याच्या तटबंदीच्या आत. केवढा योगायोग! इकडे दिल्लीचा बादशहा बहादुरशहा जफर रंगूनला नेला, तो १८६२ मध्ये तिथेच मेला. तिकडचा राजा इकडे. "असे हे दोन देशांचे ऋणानुबंध!" असं म्हणून मुलं हात उंचावून भाषण संपवायची आणि बक्षीस घेऊन यायची.

आज ते वाक्य आठवलं की कसंसंच होतं. यात ऋणही नव्हतं आणि बंध म्हणावा तर तो साखळदंडाचा. ब्रह्मी लोकांनी जफरला मागितलं नव्हतं, आपण थिबाला बोलावलं नव्हतं. तिसऱ्याच माणसानं स्वतःच्या सोयीसाठी दोन घरची माणसं उचलून अदलाबदल करून ठेवली. आणि आम्ही मास्तर मंडळींनी त्याला मैत्री म्हणून टाळ्या घेतल्या.

आपण नेहमी म्हणतो, "थिबा राजा रत्नागिरीचा पाहुणा होता." कोकणी माणसाला पाहुणचाराचा अभिमान असतो, तेव्हा ते ऐकायला बरं वाटतं. पण पाहुण्याला परत जाता येतं. थिबाला शहराची हद्दसुद्धा मनासारखी ओलांडता येत नव्हती. मेल्यावरही नाही. राणीनं मृतदेह ब्रह्मदेशात न्यायची परवानगी मागितली, सरकारनं ती दिली नाही. १९१२ मध्ये वारलेली धाकटी राणी आणि राजा, दोघांच्या शवपेट्या कितीतरी दिवस दफनावाचून राहिल्या. अखेर १९१९ मध्ये सरकारनं इथेच थडगं बांधून टाकलं. त्याच वर्षी राणी परत गेली, पण मंडालेला तिला राहू दिलं नाही. १९२५ मध्ये ती रंगूनला वारली, तिचं थडगंही रंगूनलाच. नवरा रत्नागिरीत, बायको रंगूनला, आणि दोघांचं गाव मंडाले.

आणखी एक गोष्ट. मंडालेच्या राजवाड्यातलं सिंहासन इंग्रजांनी कलकत्त्याच्या म्युझियममध्ये आणून ठेवलं होतं. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी ते सिंहासन सन्मानानं परत गेलं. सिंहासन परत गेलं, राजा राहिला! लाकडाची वस्तू परत करणं सोपं असतं. माणसाचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नसावं.

आणि जी माणसं जिवंत होती, त्यांचं काय?

थोरली राजकन्या आईबरोबर १९१९ मध्ये गेली खरी, पण परत रत्नागिरीला आली. कारण तिचं माणूस इथे होतं. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला एक मुलगी झाली होती. राजकन्या १९४७ मध्ये इथेच, हलाखीत वारली. तिची मुलगी टूटू. तिनं इथे संसार केला, मुलंबाळं झाली, मराठी बोलली, कागदाची फुलं करून विकली, शेणी थापल्या. ब्रह्मदेशाच्या राजाची सख्खी नात! २००० साली ती वारली.

मी १९७३ पासून रत्नागिरीत शिकवत होते. म्हणजे सत्तावीस वर्षं ती बाई आणि मी एकाच गावात होतो. दरवर्षी मी पाचवी-सहावीची मुलं ओळीनं राजवाड्यावर घेऊन जायचे, सागवानी खांब दाखवायचे, राजा इथे उभा राहून भाट्याच्या खाडीकडे बघत असेल वगैरे रंगवून सांगायचे. एकदा एक मुलगी म्हणाली, "बाई, आमची आई म्हणते राजाची नात अजून आहे, गावातच राहते. आपण तिला बघायला जाऊया?" मी म्हटलं, "आता रांगेत उभी राहा, उशीर होतोय."

गेले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लाज वाटली असती, तिच्या घरी पंचवीस मुलं घेऊन काय बघायला जायचं, असं मी स्वतःला समजावलं. पण एकटी तर जाऊ शकले असते! दगडी राजवाडा दाखवायला मला वेळ होता, नातीशी दोन शब्द बोलायला नव्हता. आजही ती मुलगी बाजारात भेटली की मला तो प्रश्न आठवतो. तिला बहुधा आठवत नसेल.

दोन देशांच्या संबंधांची बातमी आली की पेपरात हस्तांदोलनाचा फोटो असतो. १९५१ मध्ये भारत-ब्रह्मदेश मैत्रीचा करार झाला. पुढे १९६२ मध्ये तिथे लष्कर आलं, १९६४ मध्ये दुकानं-धंदे सरकारजमा झाले आणि तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले भारतीय लाखोंच्या संख्येनं नेसत्या वस्त्रानिशी परतले. करार होताच की! डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर येऊन गेले. २०१७ मध्ये आपले पंतप्रधान यांगूनला जफरच्या कबरीवर फुलं वाहून आले. चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण फुलं वाहणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो आणि ज्यांच्या पाठीवरून हे संबंध जातात त्यांचा वेगळा.

पुन्हा डाळीकडेच येते. म्यानमारचा शेतकरी तूर-उडीद पिकवतो ते मुख्यतः आपल्यासाठी. तिथल्या ताटात त्यांना फारशी जागा नाही. २०१७ मध्ये आपल्याकडे डाळीचं पीक उदंड आलं, भाव कोसळले, तेव्हा आपल्या सरकारनं ऑगस्टमध्ये तूर आणि उडदाच्या आयातीवर मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्याला सांभाळणं आवश्यकच होतं. पण तिकडे ज्यानं भारताच्या भरवशावर पेरलं होतं त्याचा माल पडून राहिला. पुढे आपल्याला डाळ कमी पडू लागली, तेव्हा २०२१ मध्ये करार झाला की पाच वर्षं दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर म्यानमारकडून घेऊ. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे लष्करानं लोकांनी निवडलेलं सरकार उलथवलं होतं. नंतर तो देश यादवीत होरपळला. डाळ मात्र येत राहिली.

रत्नागिरीच्या माणसाला हे लांबचं वाटायचं कारण नाही. २०१४ चा मे आठवा. युरोपियन युनियननं फळमाशीचं कारण काढून आपला आंबा बंद केला. ब्रुसेल्समधल्या एका कागदावर सही झाली आणि आमच्याकडच्या बागायतदाराच्या पोटात गोळा आला. पेट्या भरलेल्या, औषधांची उधारी डोक्यावर, आणि भाव कोसळणार ही धास्ती. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली, पण तो हंगाम काही परत आला नाही. भारत आणि युरोपचे संबंध तेव्हा "उत्तम"च होते! तेव्हा आपल्याला जे वाटलं तेच मंडालेजवळच्या तूरवाल्याला वाटलं असणार. तो आणि आपण, दोघंही दुसऱ्यांच्या फायलीतली माणसं.

मिझोरमकडे बघा. २०२१ नंतर सीमेपलीकडून चिन लोक हजारोंनी जीव घेऊन आले. सरकारी कागद काय म्हणतो याची वाट न बघता मिझो माणसांनी, आमचेच भाऊबंद आहेत म्हणत, त्यांना घरात घेतलं. त्यांच्या घासातला घास दिला. संबंध म्हणायचं तर मी त्याला म्हणेन.

तर आता उत्तर.

माझं मत असं, की थिबा राजाला परत पाठवावं. शंभर वर्षं झाली म्हणून तो "आपला" होत नाही. दुसऱ्यानं चोरून आपल्या अंगणात ठेवलेली वस्तू शंभर वर्षांनी आपली होते का? पर्यटन बुडेल म्हणाल तर राजवाडा काही कुणी उचलून नेत नाही. आणि जायची इच्छा कुणी व्यक्त केली नव्हती असंही नाही. राणीनं रीतसर मागणी केली होती, तिचा अर्ज नाकारला गेला एवढंच. शंभरहून अधिक वर्षं तो अर्ज पडून आहे असं समजा.

पण... हा "पण" मोठा आहे. कुणाच्या हाती पाठवायचं? माझ्या विद्यार्थ्याला वाटतं तसं डाळीच्या पोत्याच्या बदल्यात नाही. जफरला द्या, थिबाला घ्या असंही अधूनमधून कुणी सुचवतं, तसंही नाही. पुन्हा तीच अदलाबदल, फक्त या वेळी आपण करायची! जफरची नेमकी कबर तर १९९१ मध्ये खोदकाम करताना सापडली, त्याच्याकडे श्रद्धेनं जाणारी माणसं आज तिथे आहेत. त्याचा निर्णय वेगळा, याचा वेगळा.

आणि बंदुकीच्या जोरावर गादीवर बसलेल्या कुणाला भेट म्हणून तर मुळीच नाही. विचार करा, तोफांची सलामी, बँड, गणवेश, आणि मधे थिबाची पेटी. ज्या राजाला तीस वर्षं स्वतःच्या मर्जीनं कुठे जाता आलं नाही, त्याला मेल्यावर कुणाच्या तरी मिरवणुकीत नेऊन बसवायचं! तिथल्या लोकांनी मोकळेपणानं निवडलेलं सरकार असेल आणि त्यांनी व राजाच्या वंशजांनी मिळून मागणी केली, तर आपण एक दिवसही अडवू नये. वंशज म्हणताना तिकडचे आणि इकडचे दोन्ही. टूटूची नातवंडं-पतवंडं मराठी आहेत म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा तिकडचे वंशज इथे समाधीवर आले होते. त्यांचं एकमत नसेल तर थांबावं. घरच्यांचं ठरल्याशिवाय शेजाऱ्यांनी तिरडी बांधू नये.

माझ्या धाकट्या दिराला हे पटलं नाही. तो म्हणतो, "वहिनी, तिथे कोण सत्तेवर आहे हे बघून आपण बोलायचं थांबलो तर सोळाशे किलोमीटरची सीमा कोण सांभाळणार? तिथे चीन बसलाच आहे." खरं आहे त्याचं. व्यापार चालू ठेवावा, बोलणी चालू ठेवावीत. तूर बंद केली तर उपाशी तूरवालाच मरेल, सेनापती नाही. मार्च २०२५ मध्ये मंडालेजवळ मोठा भूकंप झाला तेव्हा आपण मदत पाठवली, ते योग्यच केलं. पण सगळ्याच गोष्टी देवघेवीत घालायच्या नसतात. तूर घालावी, राजा घालू नये. इतकंच माझं म्हणणं.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत तो आपल्याकडे ठेव म्हणून आहे. पूर्वी लोक काशीला जाताना डबा शेजाऱ्याकडे ठेवून जायचे, शेजारी तो उघडत नसे, पण धूळ पुसत असे. तेवढं आपण करतो का? गेल्या महिन्यात मी रिक्षा करून समाधीवर गेले. राजवाड्यावर ही गर्दी! समाधीवर मी, रिक्षावाला आणि दोन शेळ्या. रिक्षावाल्यानं विचारलं, "बाई, हा कोण होता नक्की?" इतकी वर्षं रत्नागिरीत रिक्षा चालवतोय!

मला वाटतं, तिथे एक साधा फलक हवा. मराठीत आणि ब्रह्मी भाषेत. "पाहुणा" हा शब्द त्यात नको. हा राजा इथे कैदी होता, त्याच्या राणीनं त्याला घरी न्यायची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली नाही, एवढं लिहावं. खाली थोरल्या राजकन्येचं आणि टूटूचं नाव लिहावं. मुलांच्या सहली राजवाड्यावर जातात तशा इथेही याव्यात. आणि एखाद्या मुलीनं भलता प्रश्न विचारला तर बाईंनी तिला रांगेत उभं करू नये.

असो. काल डाळ संपली म्हणून पुन्हा दुकानात गेले होते. हे सगळं त्याला थोडक्यात सांगितलं. तो ऐकत होता, वजन करता करता थांबला आणि म्हणाला, "म्हणजे बाई, द्यायचा, पण विकायचा नाही."

पस्तीस वर्षांत मला एवढं थोडक्यात कधी सांगता आलं नव्हतं. मागच्या बाकावरचा होता म्हणून काय झालं!